फुलाची पाठ बघा: सड्यावरच्या सारख्या दिसणाऱ्या रानफुलांची ओळख

प्रश्न असा आहे: सप्टेंबरमध्ये कासच्या पठारावर जाऊन आलो. चार फुलांचे फोटो आहेत. एक पिवळं, त्यावर दोन लाल ठिपके. एक निळं-जांभळं, तीन पाकळ्यांचं. एक गुलाबी तेरडा. एक पांढरा गेंद. मोबाईलमधलं ॲप प्रत्येक फोटोला दर वेळी वेगळंच नाव देतं, आणि जाणकार मित्र तिसरंच सांगतात. अशी जुळ्या भावंडांसारखी दिसणारी फुलं जागेवर ओळखायची तर नेमकं काय बघायचं?

चारही फोटो पाहिले. चारही सुंदर आहेत, आणि ओळख पटवायला चारही जवळजवळ कुचकामी आहेत. रागावू नका, माझी पहिली पाच-सहा वर्षं अशाच फोटोंत गेली. तुम्ही चारही फुलं समोरून, तोंडावर टिपली आहेत. फुलाचं तोंड असतं कीटकाला बोलावण्यासाठी. एकाच प्रजातीतल्या भावंडांकडे पुष्कळदा एकाच प्रकारच्या माश्या येतात, मग त्यांची तोंडंही एकसारखीच असायची. फरक असतो तो पाठीमागे, खाली, बगलेत आणि फळात. ॲपचं चुकतं ते याचमुळे. त्याला तुम्ही जे दाखवाल तेच ते बघणार, आणि निदलपुंज, म्हणजे पाकळ्यांच्या मागची, बहुधा हिरव्या निदलांची वाटी, त्याला कुणीच दाखवत नाही. शिवाय सह्याद्रीपुरत्याच असलेल्या कित्येक जातींचे नीट ओळखलेले फोटो मुळात कमी आहेत, त्यामुळे ते जवळचं, जास्त परिचयाचं नाव देऊन मोकळं होतं.

पुढे जाण्याआधी शब्दांचा एक घोळ मिटवून टाकतो. वर्तमानपत्रं ‘प्रजाती’ हा शब्द कशालाही वापरतात. वनस्पतिशास्त्राच्या मराठीत प्रजाती म्हणजे स्मिथिया, इम्पेशन्स असा गट, आणि जाती म्हणजे त्या गटातली एक नेमकी वनस्पती. या उत्तरात मी ते शब्द त्याच अर्थाने वापरतो आहे, कारण प्रजातीपर्यंत पोचणं आणि जातीपर्यंत पोचणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं बहुतेक वेळा सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, उभ्या-उभ्या होतं. दुसऱ्यासाठी गुडघे टेकावे लागतात.

पिवळ्यापासून सुरुवात करू. तुमचं हे फूल स्मिथियाचं आहे, यात शंका नाही. आपल्याकडे कवला म्हणतात, आणि पाकळीवरच्या दोन लाल ठिपक्यांमुळे हल्ली सगळे पर्यटक ‘मिकी माऊस’ म्हणतात. मीही कित्येक वर्षं दोन लाल ठिपके दिसले की स्मिथिया हिर्सुटा असं वहीत लिहून पुढे जात असे. एकदा वाळवून चिकटवलेले सात नमुने मी एका ज्येष्ठ अभ्यासकाकडे तपासायला पाठवले. सातांवरही मी हिर्सुटाच लिहिलं होतं. महिन्याने गठ्ठा परत आला. तीन कागदांच्या कोपऱ्यात शिसपेन्सिलीने एकच ओळ होती: निदलपुंज पाहिला का? पाहिला नव्हता. पाहिल्यावर कळलं की त्या तिन्हींत माझं चुकलं होतं.

स्मिथियाचं फूल वाटाण्याच्या फुलाच्या घडणीचं असतं: वर एक मोठी पताका, बाजूला दोन पंख, खाली नौका. त्याच्या पाठीमागे दोन ओठांचा निदलपुंज असतो. फूल गळालं तरी तो राहतो, आणि शेंग त्याच्याच आत घडी घालून बसते. या निदलांवरच्या शिरा बघा. काही जातींत त्या वहीच्या रेघांसारख्या एकमेकींना समांतर, सरळ जातात. काहींत त्या एकमेकींत गुंतून जाळी तयार करतात. कवला म्हणून जी भाजी आषाढ-श्रावणात बाजारात जुड्या बांधून येते ती बहुधा स्मिथिया सेन्सिटिव्हा. तिच्या निदलांवर समांतर शिरा असतात. हिर्सुटा आणि जांभळ्या फुलाची पर्पुरिया यांच्यात जाळी. भिंगाशिवायही, उन्हाकडे धरून पाहिलं तर हा फरक दिसतो. एवढ्या एका खुणेने निम्मा गुंता सुटतो.

उरलेल्या निम्म्यासाठी खोडावरची लव पाहायची. हिर्सुटा या नावाचा अर्थच केसाळ. तिच्या खोडावर राठ, पिवळसर केस असतात आणि बोट फिरवलं तर जाणवतात. मग पर्णिका, म्हणजे एका पानावरची छोटी-छोटी दलं, मोजायच्या. बायजेमिना नावाच्या जातीत त्या मोजक्याच, पुष्कळदा दोनच जोड्या, आणि नावातही तेच सांगितलं आहे. फुलं दाट घोसात आहेत की दोन-दोन सुटी, हेही लिहून ठेवा. पिवळ्यांत आणखी एक आहे, स्मिथिया आघारकरी. ती फक्त सह्याद्रीतच सापडते. मालवणात जन्मलेले वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर यांचं नाव तिला दिलेलं आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेलाही त्यांचंच नाव आहे. तुमच्या फोटोत ना निदल दिसतात, ना खोड. मग ती हिर्सुटा की आणखी कोण, हे मी काय, ती संस्थासुद्धा सांगू शकणार नाही.

जाता जाता एक गोष्ट. पान मिटतं म्हणून ती सेन्सिटिव्हाच, असा निष्कर्ष काढू नका. संध्याकाळी तर स्मिथियाच्या इतर जातींचीही पानं मिटलेली दिसतात.

आता निळं फूल. इथे मात्र मजा आहे, कारण ‘निळं, तीन पाकळ्यांचं’ म्हटल्यावर तीन वेगवेगळ्या प्रजाती समोर येतात, आणि हा गुंता डोळ्यांनी सुटतो, भिंगही लागत नाही. केना सगळ्यांना माहीत आहे, बांधावर, कुंडीतसुद्धा उगवतो. केन्याचं, म्हणजे कॉमेलिनाचं, फूल एका दुमडलेल्या छदातून, म्हणजे फुलाखालच्या पानासारख्या भागातून, बाहेर येतं. ते छद होडीसारखं किंवा द्रोणासारखं असतं. दोन पाकळ्या मोठ्या, तिसरी लहान आणि फिकी. द्रोण दिसला की कॉमेलिना, विषय संपला. त्यातही द्रोणाच्या मागच्या कडा एकमेकींना चिकटून नरसाळं झालं आहे की कडा मोकळ्या आहेत, हे पाहायचं. नेहमीच्या केन्यात, कॉमेलिना बेंगालेन्सिसमध्ये, नरसाळं असतं आणि पानाच्या म्यानाच्या तोंडाशी तांबूस केस असतात. अरुंद, लहरी कडेचं पान आणि नरसाळं असं दोन्ही दिसलं तर कॉमेलिना फॉर्स्कोली मनात धरायला हरकत नाही. या दोन्ही जातींना जमिनीखालीही, न उमलणारी फुलं येतात. ते बघायला उकरू मात्र नका.

द्रोण नसेल तर केसर बघा. सहाही पुंकेसर सारखे, आणि त्यांच्या तंतूंवर पिंजलेल्या कापसासारखे दाट केस असतील तर ती सायनोटिस. आभाळी आणि नभाळी या दोन्ही सायनोटिसच. हिच्या पाकळ्या मधल्या भागात एकमेकींना जोडून नळी झालेली असते, म्हणून फूल उमलल्यावर तीन सुट्या पाकळ्या पसरल्यासारख्या दिसत नाहीत. झुबका पुढे आलेला दिसतो. उलट पाकळ्या तिन्ही सारख्या आणि सुट्या, पूर्ण पुंकेसर तीनच आणि त्यांच्या मधे आणखी तीन अर्धवट, टोकाशी तीन भाग झालेले वंध्य केसर दिसले, तर ती मुर्डानिया. तुमच्या फोटोत, नशिबाने, केसर स्पष्ट आहेत: तीन पूर्ण, तीन वंध्य. म्हणजे ॲपने सुचवलेली आभाळी नाही आणि मित्रांनी सांगितलेला केनाही नाही. मुर्डानिया.

आभाळी आणि नभाळी यांच्यात मात्र लोक नेहमी गोंधळतात. त्याला नावंही कारणीभूत आहेत, अर्थ एकच ना! आभाळी म्हणजे सायनोटिस ट्यूबरोसा. मुळांना गाठी, झाड दणकट, आणि फुलांच्या तुऱ्यात कोयत्यासारखी वाकलेली छदं एकावर एक दोन रांगांत रचलेली. नभाळी म्हणजे सायनोटिस फॅसिक्युलाटा. उघड्या कातळावर, बोटभर मातीत, लहानखुरी, पानं आखूड आणि मांसल, आणि सगळ्या अंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी लव. कुठे उगवली आहे ते पाहिलं की बऱ्याचदा अंदाज येतो, पण खात्री अंगावरच्या लवेने आणि छदांच्या रचनेने करा. मुळाच्या गाठी बघायला उपटायचं नाही. तुम्ही आणि मी दोघांनी उपटलं तर कासवर येणाऱ्या हजारोंना काय सांगणार?

या तिन्ही प्रजाती केन्याच्याच कुळातल्या, आणि या कुळातल्या फुलांच्या वेळा सांभाळाव्या लागतात. केना सकाळी उमलतो आणि दुपारपर्यंत मिटतो. मुर्डानियाच्या काही जाती दुपारीच तोंड उघडतात. मिटलं की पाकळ्या विरघळून जातात, कागदात दाबलेल्या नमुन्यात तर निळा डाग तेवढा उरतो. सकाळी आठला बस पकडून दहाला परत फिरणाऱ्यांच्या यादीत मुर्डानिया कमी का असते, याचं उत्तर यातच आहे. वहीत वेळ लिहा. ‘सकाळ’ असं नाही, साडेनऊ तर साडेनऊ.

तेरड्याकडे येतो. गुलाबी गालिचा दिसला की सगळे ‘तेरडा’ म्हणतात, आणि ते चूक नाही, इम्पेशन्सच्या सगळ्यांनाच आपण तेरडा म्हणतो. पण अंगणातला, गौरीला लागणारा तेरडा म्हणजे इम्पेशन्स बाल्समिना, आणि पठारावर पसरलेला गालिचा बहुतेक वेळा त्याचा नसतो. इथे फुलाकडे बघूच नका. खोडाकडे बघा. पानं एकाआड एक असतील, दातेरी असतील, आणि कोवळ्या फळावर दाट लव असेल, तर बाल्समिना. पानं समोरासमोर जोडीने, देठ जवळजवळ नाहीच, आणि अरुंद असतील, तर ऑपॉझिटिफोलिया किंवा लॉई. ऑपॉझिटिफोलिया म्हणजे समोरासमोर पानांची. लॉई हे नाव मुंबई इलाख्यातले मुलकी अधिकारी आणि हौशी वनस्पतिसंग्राहक लॉ यांच्यावरून आलेलं. हरिश्चंद्रगडावरच्या सेरोपेजिया लॉई या कंदीलपुष्पाच्या नावातही तेच गृहस्थ आहेत. या दोन तेरड्यांत फुलाच्या मागची शेपटी, म्हणजे मकरंदाची नळी, किती लांब आणि कशी वळलेली आहे ते बाजूने पाहावं लागतं. ती शेपटी असते एका निदलाची, पाकळीची नव्हे. पुन्हा पाठच! समोरून घेतलेल्या फोटोत ती फुलामागे दडते. आणि ओल्या कड्यावर, खोडच नाही, पानं बुडातूनच निघाली आहेत, फूल लांब दांड्यावर झुलतं आहे, असं दिसलं तर ती इम्पेशन्स अकॉलिस. तिच्याबद्दल वाद होत नाही.

रंगावर विसंबू नका हे तेरड्यानेच मला शिकवलं. एकाच वाफ्यात गुलाबी, फिका आणि अगदी पांढराही मिळतो. ‘पांढरा तेरडा सापडला, नवी जात’ असे उत्साही निरोप मला दर वर्षी येतात. त्यांना मी एकच विचारतो: पानं कशी होती?

मग गेंद. इथे वाईट बातमी आहे. एरिओकॉलॉन, आपला गेंद, टाचणीच्या डोक्यासारखी पांढरी फुलं, डबक्याच्या काठाने चांदण्या सांडल्यासारखी पसरलेली. फूल म्हणतो खरे, पण ते डोकं म्हणजे कित्येक बारीक नर आणि मादी फुलांचा स्तबक, म्हणजे गुच्छ. भारतात गेंदाच्या शंभराच्या आसपास जाती आहेत आणि त्यातल्या कित्येक एकट्या पश्चिम घाटात. त्यांची ओळख पटते ती मादी फुलाला निदल किती, पाकळ्यांवर काळी ग्रंथी आहे का, बियांच्या सालीवर नक्षी कशी, अशा गोष्टींवरून. यातलं फार थोडं दहा पटीच्या भिंगातून दिसतं. बीची नक्षी पाहायला तर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. 2020 मध्ये आघारकर संस्थेच्या संशोधकांनी गेंदाच्या दोन नव्या जाती जाहीर केल्या. त्यातली एरिओकॉलॉन पार्व्हिसेफॅलम सिंधुदुर्गातली, दुसरी कारावालेन्स कर्नाटकातल्या कुमट्याची. माणसांच्या पायाखालच्या जमिनीत, आजवर दुसऱ्याच कुणाच्या नावाखाली खपलेल्या जाती अशा निघतात. मग फोटोवरून नाव सांगणारा कुणीही असो, त्याचं ऐकताना जरा हात आखडता घ्या.

तरी सड्यावर जेवढं टिपता येतं तेवढं टिपा. परागकोश काळे आहेत की पांढरे? बहुतेक गेंदांत ते काळे असतात, आणि त्या पांढऱ्या डोक्यावर मिरपूड भुरभुरल्यासारखे दिसतात. सिनेरियम या जातीत ते पांढुरके असतात, ही एक खरी उपयोगाची खूण. डोक्याच्या खालची छदं डोक्याबाहेर चांदणीसारखी डोकावतात की आत लपतात? पानांचा झुबका जमिनीवर आहे की पाण्यात बुडालेला? दांडा पानांच्या कितीपट उंच? एवढं लिहा आणि पुढे ‘एरिओकॉलॉन, जात अनिश्चित’ असं लिहून खुशाल पुढे चला. मी वीस वर्षांच्या वह्यांत ही ओळ इतक्या वेळा लिहिली आहे की आता तिची लाज वाटत नाही. लाज वाटते ती जुन्या वह्यांतल्या खात्रीने लिहिलेल्या नावांची.

तुम्ही विचारलं नाहीत, पण याच सड्यावर पुढच्या खेपेला तुम्हाला आणखी काही जुळी भेटतील, म्हणून थोडं त्यांच्याविषयी.

गवतात पांढरी आमरी, म्हणजे ऑर्किड, दिसली की लोक सरसकट हॅबेनारिया म्हणतात. आधी शेपटी पाहा. हॅबेनारियाची शेपटी लांब, सुतासारखी असते. तिच्यासारख्याच दिसणाऱ्या पेरिस्टायलस या दुसऱ्या प्रजातीची बारीकशी, पिशवीसारखी. मग पानं. जमिनीला अगदी चिकटलेलं, बदामाच्या आकाराचं बहुधा एकच पान आणि वर एक-दोन मोठी पांढरी फुलं, पावसाच्या सुरुवातीलाच, तर ती ग्रँडिफ्लोरिफॉर्मिस, म्हणजे चिचुरकांदी. जाड दोन पानं जमिनीवर पसरलेली आणि वर बारीक फुलांचा तुरा, तर क्रासिफोलिया. फुलं दांड्याच्या एकाच बाजूला, दातांच्या ब्रशसारखी, तर हेनियाना. शेपटी बोटापेक्षा लांब, दहा सेंटिमीटर आणि त्याहूनही जास्त लोंबणारी असेल तर लॉन्जिकॉर्निक्युलाटा, आणि तिला ओळखायला मग कुणाचीच गरज नाही. आमऱ्यांत पानं जमिनीशी असतात आणि फोटो काढणारा फुलाशी असतो, सगळं दुखणं तेच.

सोनकी. ऑक्टोबरच्या आसपास गडांचे माथे पिवळे होतात ते हिच्यामुळे. सोनकी म्हणजे सेनेसिओ, तिच्या काही जाती आहेत, त्यांच्यात फोड करायला पानाचा तळ खोडाला मिठी मारतो का आणि पिकलेल्या फळावर लव आहे का, ते पाहावं लागतं. पण त्याआधीची चूक जास्त होते. पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर आता मेक्सिकोतून आलेला नारिंगी-पिवळा कॉसमॉस माजला आहे, आणि त्यालाही लोक सोनकी म्हणून फोटोत घेतात. फूल उलटं करा. सोनकीच्या मागे हिरव्या छदांची एकच सारखी रांग असते, पेल्यासारखी, आणि बुडाशी फार तर दोन-चार चिमुकली छदं. कॉसमॉसच्या मागे दोन वेगवेगळ्या रांगा असतात. आणि पिकल्यावर सोनकीच्या फळाला पांढऱ्या मऊ केसांचा झुबका येतो, कॉसमॉसचं फळ लांबट, चोच असलेलं, कपड्याला अडकणारं. दोन सेकंदांचं काम आहे.

सीतेची आसवं, म्हणजे युट्रिक्युलारिया, यांत फार शिरत नाही. जांभळी फुलं असतील तर दांडा गवताला वेढे घेत चढतो का, आणि फुलाच्या फुगीर ओठावर जाळीसारख्या रेषा आहेत का, एवढं बघा. दोन्ही असेल तर रेटिक्युलाटाचा विचार करा. ओल्या कातळावर किंवा झाडाच्या बुंध्यावर मोहरीएवढं पांढरं फूल आणि मधे पिवळा ठिपका असेल तर स्ट्रिॲट्युला. फूल खुडून भिंगाखाली धरू नका, भिंगच तिथे न्या.

कंदीलपुष्पांबद्दल मुद्दामच थोडं लिहितो. आपल्याकडे खरपुडी म्हणतात त्या सेरोपेजिया. आधी एवढंच ठरवा: वेल आहे की ताठ उभं झाड. ताठ उभ्यांत अरुंद पानांच्या काही जाती आहेत, कासची जैनी, ॲटेन्युएटा अशा. त्यांच्यात नळीची लांबी, पाकळ्यांची टोकं जुळून पिंजरा झाला आहे की सुटी आहेत, आणि पानांची रुंदी हे टिपता येतं. खात्रीसाठी नळी फाडून आतलं मुकुटासारखं अंग पाहावं लागतं. ते करू नका. माश्यांना अडकवून परागण करून घेणारं फूल आहे ते, एकेका झाडाला मोजकीच येतात. यांचे कंद खाल्ले जातात, म्हणून उकरलेही जातात. एखादी दुर्मीळ खरपुडी दिसली तर फोटोतली जागेची नोंद बंद करा आणि कुणाला नेमकी जागा सांगू नका. मला सांगायची असेल तर तालुक्याचं नाव पुरे.

आता काम कसं करायचं ते. दहा पटीचं घडीचं भिंग घ्या. भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवायचं आणि मग फूल पुढे-मागे करून नेमक्या अंतरावर आणायचं. बहुतेक जण भिंग फुलाजवळ धरतात, डोळा लांब ठेवतात, आणि ‘काही दिसत नाही’ म्हणून पिशवीत टाकतात. गेंदासारख्या खुज्या फुलांसाठी आडवं पडावं लागतं, तर एक प्लास्टिकचा तुकडा जवळ ठेवा. पडायचं ते पायवाटेवर, फुलांवर नाही. कातळावरची माती बोट-दोन बोट जाड, तीही वर्षानुवर्षं साठलेली असते.

एका झाडाचे सहा फोटो घ्या. पूर्ण झाड, शेजारच्या गवतासकट. पान खोडाला जिथे लागतं ती जागा. फूल बाजूने. फूल मागून. फूल समोरून, हवंच असेल तर. आणि फळ, असेल ते, कोवळं का असेना. त्यातल्या एका फोटोत पट्टी किंवा दहा रुपयांचं नाणं ठेवा. मग वहीत जागा लिहा, पण ‘कास’ एवढीच नाही. उघडा कातळ, कातळातली भेग, माती साठलेला खळगा, डबक्याचा काठ, झुडपांची कड, झाडाचा बुंधा. सड्यावर दहा पावलांत ओल बदलते, माती बदलते आणि तिच्याबरोबर फुलंही. वायतुरा उघड्या कातळावर शोधून सापडणार नाही, तो पाण्याचा. आणि तारीख. पंधरा दिवसांनी त्याच जागी गेलात तर दुसरंच पठार बघाल.

घरी आल्यावर किल्ली, म्हणजे एकेका खुणेचा प्रश्न विचारत नावापर्यंत नेणारा तक्ता, उघडा. थिओडोर कूकचा मुंबई इलाख्याचा फ्लोरा, म्हणजे तिथल्या वनस्पतींचा वर्णनग्रंथ, 1901 ते 1908 या काळात छापला गेला, आणि आजही खुणांच्या वर्णनाला त्याची बरोबरी करणारं थोडंच आहे. नावं मात्र पुष्कळ बदलली आहेत. तुमची मुर्डानिया कूकमध्ये शोधाल तर मिळणार नाही, ती तिथे अनाइलेमा या नावाखाली आहे. बदललेल्या नावांसाठी भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने काढलेले महाराष्ट्राच्या फ्लोराचे खंड शेजारी ठेवा. एकदलांचा 1996 चा, द्विदलांचे दोन 2000 आणि 2001 चे. किल्ली वापरताना एक पथ्य पाळा: मनात आधी नाव ठरवून उलटं जाऊ नका. ‘निदलांवर समांतर शिरा की जाळी’ या प्रश्नाला फोटोत उत्तर नसेल तर तिथेच थांबा. अंदाजाने पुढची पायरी चढलात की शेवटी नाव मिळतंच, आणि ते चुकीचं असतं.

तेव्हा तुमच्या चार फोटोंचं असं. निळं: मुर्डानिया, जातीसाठी तुरा आणि पान हवं. पिवळं: स्मिथिया, निदल पाहिल्याशिवाय पुढे नाही. तेरडा: तुमच्या फोटोच्या डाव्या कोपऱ्यात, धूसर, शेजारच्या रोपट्याची दोन पानं समोरासमोर दिसतात. ती त्याच झाडाची असतील तर बाल्समिना बाद, पण ऑपॉझिटिफोलिया की लॉई हे शेपटी बघूनच. गेंद: एरिओकॉलॉन, जात अनिश्चित. पुढच्या पावसात गेलात तर तेरड्याचा बाजूने घेतलेला एक फोटो तेवढा पाठवा.